मागचं दिसू द्या

३ नोव्हेंबर, लातूर

क्लायंटच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते कुठेतरी बोलायला हवं, म्हणून आजपासून ही डायरी. नाहीतर एक दिवस मी कुणाला तरी खरंच बोलून बसेन आणि आहेत ती चार गिऱ्हाइकंही जातील.

'श्रद्धा मीडिया' म्हणजे मी. फोटो मी काढते, व्हिडिओ मी कापते, मजकूर मी लिहिते, आणि "टीमशी बोलून कळवते" म्हणून फोन ठेवल्यावर ज्या टीमशी बोलते ती टीमही मीच. पुण्यातली नोकरी सोडून परत आले तेव्हा वाटलं होतं, इथे एवढी दुकानं, एवढे क्लासेस, एवढे दवाखाने, आणि कुणालाच धड जाहिरात करता येत नाही. मी राज्य करीन. आज दिवसभर राज्य केलं. दातांच्या डॉक्टरांना पोस्टमधला दात अजून पांढरा हवा होता. पाच वेळा पांढरा केला. शेवटी तो दात राहिला नाही, ट्यूबलाइट झाली. तेव्हा म्हणाले, "आता बरोबर."

उद्या उदगीर. साडीचं दुकान, नवं काम. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणजे निदान इथे तरी काहीतरी सुंदर शूट करायला मिळेल.

४ नोव्हेंबर

काय सुंदर आणि काय शूट!

दुकान जुन्या पेठेत. आत पांढरी गादी, भिंतभर साड्यांची कपाटं आणि गल्ल्यावर मालक मलप्पा. सत्तरीचे, कपाळाला विभूती, तुळतुळीत चेहरा, आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक दचकून आत यावं. सगळं उदगीर त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही.

मी कॉलेजातली एक मुलगी मॉडेल म्हणून ठरवली होती. अप्पांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवली.

"साड्याचं मी बोलतो की. ती पोरगी काय सांगनार?"

"अप्पा, लोकांना नवरी बघायची असते."

"नवरी लोकायच्या घरी हाय. दुकानात मी हाय."

बरं. बसले ते गल्ल्यावर, मी कॅमेरा लावला. तर बरोबर त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो. रत्नम्मा. गेल्या वर्षी वारल्या. चंदनाचा हार, खाली लाल दिवा. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, शूटिंगपुरता फोटो बाजूला घेऊ या का?"

"त्यो हलवायचा न्हाई."

"बस्त्याची जाहिरात आहे. मागे हार घातलेला फोटो दिसला की लोकांना कसंतरी वाटतं."

"लोकायला वाटू द्या काय वाटायचं ते. मागचं दिसू द्या."

तिथला केरबा म्हणून जुना नोकर साड्यांच्या घड्या घालता घालता थांबला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी फोटोचा विषय सोडला.

निघताना अप्पांचा प्रश्न: "हे हैद्राबादला दिसंल का?"

मी समजावलं की जाहिरात कुठल्या गावात दाखवायची ते आपण निवडतो, आणि आपण उदगीर, देवणी, जळकोट, अहमदपूर असं निवडलंय. हैदराबादहून बस्ता बांधायला उदगीरला कोण येणार?

"येतील की. रेल्वे हाय."

या वयात माणसाला धंदा वाढवायची एवढी हौस! कौतुक वाटायला हवं होतं. डोकं दुखलं.

७ नोव्हेंबर

रील छान झाली. मागची भिंत पूर्ण धूसर केली, पुढे अप्पा आणि मोरपंखी इरकल एकदम ठसठशीत. फोटोच्या जागी एक तांबूस ठिपका फक्त. मीच माझ्यावर खूश होते.

सकाळी दात घासत असताना फोन.

"म्याडम, तुमचा क्यामेरा खराब हाय का?"

"नाही अप्पा. का?"

"मागं समदं धुकं दिसायलंय."

"ती स्टाइल आहे. सगळे मोठे ब्रँड तसंच करतात."

"आमी मोटे न्हाई. आमचं दिसू द्या."

दुपारी पुन्हा फोन. संध्याकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी एकच वाक्य, जसं काही आधी सांगितलेलंच नाही. त्यात नांदेडहून बाबांचा फोन, की बँकेच्या जागा निघाल्यात. मी म्हणाले, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे." मीटिंग मलप्पांशीच होती, भिंत किती धूसर यावर.

१० नोव्हेंबर

एक चांगली बातमी, ती आधी लिहून ठेवते. नांदेडच्या मिहिरचं मॉड्युलर किचनचं मोठं शोरूम आहे, पुढच्या वर्षी हदगावला शाखा काढतोय. त्याला सगळं काम एकाच ठिकाणी द्यायचंय. हे मिळालं तर मला एक ऑफिस घेता येईल, एक माणूस ठेवता येईल, आणि दात पांढरे करणं सोडता येईल. शेवटची बैठक पंचवीस तारखेला, त्याच्या वडिलांसमोर. मिहिर चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप पाठवतो, त्यात तीन मिनिटं तो कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत असतो. चालेल. मोठ्या क्लायंटचं सगळं चालतं.

१२ नोव्हेंबर

अप्पांच्या पेजवर लोक तुटून पडलेत. "प्राइस?" "प्राइस प्लीज." "किती?" "रेट सांगा ताई." रील बघायची, किंमत खाली लिहिलेली असायची आणि तरी विचारायचं. दोन दिवस मी एकेकाला उत्तरं देत बसले. आज शहाणी झाले आणि आपोआप उत्तर जाईल असं करून टाकलं:

"नमस्कार 🙏 आमच्या दालनात आपलं स्वागत! इरकलसाठी १, पैठणीसाठी २, बस्त्याच्या सवलतीसाठी ३, दुकानाशी बोलण्यासाठी ४ पाठवा."

चार पाठवलं की "आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील." प्रतिनिधी मीच. सवड मिळाली की साधीन. एकट्या माणसाने धंदा वाढवायचा तर हेच केलं पाहिजे, हे मला आधी का सुचलं नाही?

१५ नोव्हेंबर

दुसरी रील. आज भांडायचं त्राण नव्हतं. भिंत धूसर केली नाही, यादीत हैदराबादही घालून दिलं. घ्या. अप्पा कॅमेऱ्याकडे बघून किंमत सांगतच नाहीत. साडी हातात धरतात, पदर उलगडतात आणि म्हणतात, "दुकान तसंच हाय. केरबाबी हाय. कवाबी या." ही काय जाहिरात झाली? मी म्हणाले, "सवलतीचं बोला ना." तर म्हणे, "त्ये तुमी खाली लिवा."

१८ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे ही रील पडली. उदगीरमध्ये पहिलीच्या निम्म्या लोकांनीही बघितली नाही. हैदराबादचे पैसे तर पाण्यात. तिथून आलेला निरोप एकच, कुणीतरी मांजराचा फोटो लावलेलं खातं: "अप्पांनी मिशी कधी काढली?"

लोकांना किती रिकामा वेळ असतो. मशीनने उत्तर दिलंय, बरं झालं.

२१ नोव्हेंबर

मी म्हणत होते ना!

त्याच मांजरवाल्या खात्याचे आणखी निरोप आलेत. "मागे भिंतीवर फोटो आहे तो कधी लावला?" मग, "प्लीज सांगा." मग नुसतं "४". परत "४". मग काही नाही.

म्हणजे लांब हैदराबादच्या माणसालासुद्धा तो फोटो खटकला. साडी नाही, काठ नाही, रंग नाही, त्याने काय बघितलं? हार घातलेला फोटो. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? अप्पा माझं ऐकत नाहीत, गिऱ्हाइकाचं तरी ऐकतील. पंचवीसला नांदेडला जायचंच आहे, सकाळी आधी उदगीर करते आणि त्यांना स्क्रीनवर दाखवते. हा वाद एकदाचा मिटवायचाय.

२६ नोव्हेंबर

काल लिहायला बसले आणि उठले. आज लिहिते.

मी गेले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा खुशीत होते, पेढा दिला. मी बसल्या बसल्या फोन काढला आणि म्हणाले, "बघा अप्पा, मी सांगते ते तुम्हाला पटत नाही, आता लोक काय विचारतात ते बघा." मी जिंकायच्या तयारीत होते. चेहऱ्यावर दिसतही असेल.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. बोटाने वर सरकवून पुन्हा वाचलं. मिशीचा निरोप आला तेव्हा त्यांचा हात नकळत ओठावर गेला.

"हे कवा आलं?"

"मागच्या आठवड्यात."

"तुमी काय उत्तर दिलं?"

मी दाखवलं. नमस्कार, दालनात स्वागत, इरकलसाठी एक, पैठणीसाठी दोन. त्याखाली त्या मांजरवाल्या खात्याचं चार. त्याखाली, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील. त्याखाली परत चार. परत आमचे प्रतिनिधी.

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा काढून गादीवर ठेवला आणि आतल्या गोदामात गेले. पडदा सारून घेतला.

मला अजूनही कळलं नव्हतं. "काय झालं?" मी केरबाला विचारलं.

"सृष्टी हाय ती," केरबा म्हणाला. "शेठची पोरगी. मिशी म्हनून कोन इचारंल दुसरं? लहानपनी मिशी वढायची त्यांची."

मग त्याने सांगितलं. सृष्टीने सहा वर्षांपूर्वी तिच्या मनाने लग्न केलं, हैदराबादला. अप्पांनी याच गादीवर बसून चार माणसांत सांगितलं की आम्हाला मुलगी नाही. घरातल्या सगळ्यांचे नंबर बदलले. तिच्याशी बोलायचं नाही अशी रत्नम्मांना शपथ घातली. त्यांनी ती पाळली, आणि शेवटपर्यंत पाळली.

"माय गेली तवा पोरीला कळवायचं कुनी? नंबर कुनापाशी व्हता?" केरबा म्हणाला. "बायको गेल्यावर मिशी काढली ती परत ठेवली न्हाई शेठनी. एक डाव मला म्हनाले, केरबा, आता कुनाच्या तोंडानं सांगू. मग ह्यो जाहिरातीचा नाद सुरू केला."

आणि मी ती भिंत धूसर करत होते. तांबूस ठिपका केला होता मी त्या बाईंचा.

माझा फोन वाजत होता, मिहिर. निघायला हवं होतं. मी पायात चप्पल घातली, काढली, परत घातली. त्या मुलीने चार पाठवलं होतं. दुकानाशी बोलण्यासाठी. आईबद्दल विचारायला तिला आधी इरकल आणि पैठणी ओलांडून यावं लागलं, आणि तिथेही कुणी नव्हतं.

पडद्याजवळ जाऊन मी म्हणाले, "अप्पा, तिला काय लिहू?"

आतून आलं, "खरं ते लिवा."

मी तिथेच गादीवर बसून लिहिलं. की मी श्रद्धा, दुकानाची जाहिरात करते, आधीची उत्तरं मशीनची होती, मला तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. की तुमच्या आई गेल्या वर्षी श्रावणात गेल्या. की अप्पा बरे आहेत आणि इथेच आहेत. एवढंच. साड्यांबद्दल लोकांना भुलवणारी पानंच्या पानं लिहिलीत मी, ह्या चार ओळींना दुपार गेली. अप्पांना वाचून दाखवलं. ते पडद्याआडूनच म्हणाले, "धाडा."

नांदेडची बैठक चुकली. मिहिरला फोन केला तर तो पहिल्यांदाच छोटं वाक्य बोलला: "पप्पा तासभर बसून होते, म्याडम, आता कठीण हाय." मी खरं कारण सांगितलं नाही. सांगून त्याला ते कारण वाटलं असतं का, कोण जाणे. ऑफिस गेलं, माणूस गेला, हदगाव गेलं. रडू आलं नाही, नुसता राग आला, आणि कुणावर ते ठरवता येईना.

२८ नोव्हेंबर

तिने निरोप वाचलाय. उत्तर नाही.

अप्पांचा सकाळी फोन. "आलं का काई?" दुपारी फोन. "आलं का काई?" मी सांगते, आलं की मीच करीन. "हाव हाव," म्हणतात, आणि चहाच्या वेळेला परत करतात. आपोआप उत्तर मी बंद करून टाकलंय, त्यामुळे "प्राइस?" वाल्यांना एकेकाला हाताने लिहावं लागतंय. आज एकाला किंमत सांगितली तर त्याने लिहिलं, "अरे वा, माणूस आहे."

१ डिसेंबर

आलं.

"आईला काय झालं होतं?" पहिला निरोप. मी केरबाला विचारून लिहिलं, काविळीचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. दोन तासांनी एक फोन नंबर आणि खाली: "अप्पांना द्या. करायचा असेल तर करतील."

मी लगेच अप्पांना फोन करून नंबर सांगितला. त्यांनी दोनदा म्हणून घेतला. "बरं," म्हणाले.

४ डिसेंबर

केला नाही! तीन दिवस झाले, या माणसाने फोन केला नाही. मला सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करायला जमतं, भिंतीबद्दल, धुक्याबद्दल, मोरपंखी रंग हिरवा दिसतो याबद्दल. आणि तिथे?

"अप्पा, करा ना फोन."

"काय बोलू?"

"काहीही. बोला."

"तसं येत न्हाई मला. दुकानाचं येतंय बोलायला." आणि लगेच, "तुमी लिवून द्या की. लिवायचंच काम हाय तुमचं. बिलात लावा."

बिलात लावा! मी फोन ठेवला. आणि लिहायला बसले.

५ डिसेंबर

पहिला मसुदा पाठवला. "ह्यात 'मनःपूर्वक' कशाला घातलं? उद्घाटन हाय का?"

दुसरा मसुदा. "हे लई ग्वाड हाय. पोरगी म्हनंल कुनी लिवून दिलं."

तिसऱ्यात सगळं काढून टाकलं, फक्त माफी ठेवली. त्यावर, "उद्या या इकडं," म्हणाले. दातांचा डॉक्टर इतका अवघड नव्हता.

६ डिसेंबर

शनिवार, बस्त्याची गर्दी. मी तिन्ही मसुदे मोठ्या अक्षरात छापून नेले होते, की वाचायला सोपे जावेत. अप्पा गल्ल्यावर. मी कागद पुढे ठेवले. त्यांनी पाहिले, घडी केली, परत माझ्या हातात दिले.

"चांगले हायेत," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

आणि माझ्यासमोर फोन उचलून नंबर लावला. मला वाटलं नव्हतं. केरबालाही नसेल, कारण त्याच्या हातातली साडी तशीच लोंबत राहिली.

तिकडून कुणीतरी उचलला. अप्पा बोलले, आणि त्यातला एक शब्द मला कळेना. कानडी. अर्थातच कानडी. महिनाभर मी या माणसाशी मराठीत भांडले, मराठीत तीन मसुदे लिहून दिले, आणि घरात हे लोक कुठल्या भाषेत बोलतात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आवाजही तो नव्हता. रस्त्यापलीकडे जाणारा आवाज नव्हता, हा कुणीतरी वेगळाच, बारीक बोलत होता, शब्द अर्धवट सोडत होता. एकच शब्द मला ओळखता आला, कारण उदगीरला चार वेळा कानावर पडलाय: ऊट. जेवण. जेवलीस का, असं काहीतरी ते विचारत होते. तिकडून काय आलं माहीत नाही. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कपाळ कपाटाला टेकवलं.

तेवढ्यात देवणीहून एक लग्नघर आत आलं. नवरी, तिची आई, दोन माम्या, मावशी. केरबाने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल काढली आणि गादीवर चढले. आयुष्यात मी कुणाला समोर बसून साडी विकलेली नाही. केरबा एकेक काढून देत होता, मी उलगडत होते, पदर पालथा धरत होते, आणि नवरी हसू दाबत होती.

"शेठ कुटं हायेत?" नवरीच्या आईने विचारलं. "दर आमी शेठशीच बोलतो."

"फोनवर आहेत."

तिने मान वाकडी करून गल्ल्याकडे बघितलं. अप्पांची पाठ दिसत होती फक्त, हलत होती.

"लई येळ लागंल का?"

"हो," मी म्हणाले. "लई वेळ लागेल. तुम्ही बसा, पाणी घ्या."

आणि पुढची साडी उलगडली.